तुतकावरील खलाशी : श्रम, हुकूम आणि दक्षता

खलाशाचे काम म्हणजे केवळ अंगमेहनत, अशी सामान्य समजूत आहे. दोर ओढणे, तूतक धुणे आणि रंग लावणे यांपलीकडे त्यात जाणून घेण्यासारखे काही असेल, असे किनाऱ्यावरील माणसास सहसा वाटत नाही. परंतु बोट ही चहूंकडून पाण्याने वेढलेली कार्यशाळा आहे. तेथे एका माणसाच्या क्षणिक अनवधानाचे फळ सर्वांस भोगावे लागते. खलाशाचे काम ज्या व्यवस्थेत बांधलेले असते, ती समजून घेतल्यावाचून त्या कामाचे खरे स्वरूप ध्यानात येणार नाही. प्रस्तुत लेखात व्यापारी बोटीच्या तुतकावर काम करणाऱ्या खलाशांपुरताच हा विचार केला आहे.

व्यापारी बोटीवरील माणसांचे परंपरेने तीन विभाग पडतात : तुतकावरचे, इंजिनखान्यातले आणि खानपानाची व्यवस्था पाहणारे. वाफेच्या युगात हिंदुस्थानच्या बंदरांतून भरती झालेल्या तांड्यांत ही विभागणी प्रदेशवारही होती. मुंबईहून निघणाऱ्या बोटींच्या तुतकावर रत्नागिरी, कच्छ, काठेवाड या किनाऱ्यांवरची माणसे पुष्कळ असत. भटारखान्यात व भोजनगृहात गोव्याची. तुतकावरील तांड्याचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, भांडारातील सामानावर देखरेख ठेवणारा कसब, सुकाणू धरणारा सुकाणी आणि शेवटी साधे खलाशी, अशी उतरंड असे. आजच्या बोटीवर सारंगाच्या जागी बोसन आहे आणि त्याच्या खाली निष्णात व साधारण असे खलाशांचे दोन वर्ग आहेत. नावे पालटली, तरी उतरंड फारशी पालटली नाही.

ही नावेच एका मोठ्या इतिहासाची साक्ष देतात. ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’ या शब्दापासून आला, ‘सुकाणू’चे मूळ अरबी ‘सुक्कान’ यात आहे, तर आपला ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी शब्दांच्या मिश्रणातून खलाशांची एक व्यवहारभाषा सिद्ध झाली होती. टॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यास तिचा कोश छापला. १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉल याने तो सुधारून ‘लश्करी’ भाषेचा कोश म्हणून पुन्हा प्रसिद्ध केला. परक्या अधिकाऱ्यास हा कोश का लागावा, याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. वादळात दिलेला हुकूम समजला नाही, तर तो पुन्हा समजावून सांगण्यास अवकाश नसतो.

समुद्रावर असताना दिवसाचे चोवीस तास पाळ्यांत विभागलेले असतात. बारा ते चार, चार ते आठ आणि आठ ते बारा अशा तीन पाळ्या दिवसातून दोनदा येतात. म्हणजे प्रत्येक पाळीच्या माणसास चार तास काम व आठ तास उसंत, असे चक्र अखंड चालते. पाळीवरील खलाशाची मुख्य कर्तव्ये दोन : सुकाणू धरणे आणि टेहळणी करणे. टेहळणीचे काम वरवर पाहता काहीच न करण्यासारखे दिसते. तथापि समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक बोटीने दृष्टीने, श्रवणाने व उपलब्ध अशा सर्व साधनांनी सदैव टेहळणी ठेवावी, असे सांगतो. रडार आले म्हणून डोळा व कान यांचे दायित्व संपले नाही. लहान लाकडी होडीचा प्रतिध्वनी रडारवर क्षीण उमटतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तर अशा मासेमारी होड्यांची रात्री दाटी असते. तेव्हा त्या होडीतील कोळ्याचे प्राण पुष्कळदा टेहळणीवरच्या खलाशाच्या जागेपणावर अवलंबून असतात.

सुकाणू धरणाऱ्याने मिळालेला हुकूम मोठ्याने उच्चारून परत सांगावयाचा, तो अमलात आणावयाचा आणि अमलात आल्यावर तसे पुन्हा कळवावयाचे, असा दंडक आहे. हा नुसता शिष्टाचार नव्हे. पूर्वी सुकाणूचा हुकूम त्याच्या दांड्याला उद्देशून असे. दांडा उजवीकडे नेला की सुकाणूचे पाते डावीकडे वळते आणि बोटीची नाळही डावीकडे जाते. म्हणून ‘उजवीकडे’ असा हुकूम दिला असता बोट डावीकडे वळत असे! १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर हिमनग दिसताच दिलेला हुकूम याच जुन्या पद्धतीचा होता. चक्र आले, दांडा दृष्टिआड झाला, तरी भाषा मात्र जुनीच राहिली. पुढे १९२९ च्या लंडन येथील सागरी सुरक्षा कराराने हुकूम व वळण यांची दिशा एकच असावी, असे ठरविले. हुकूम परत उच्चारण्याचा दंडक मात्र कायम राहिला. कारण भाषा सरळ झाली, तरी ऐकण्यातील चूक संभवतेच.

पाळीव्यतिरिक्तचे काम दिवसा चालते, आणि त्यातील फार मोठा भाग गंजाशी झुंजण्यात जातो. खारे पाणी व हवा यांच्या योगाने पोलाद अव्याहत झिजते. हातोडीने गंज ठोकून काढणे, पृष्ठभाग घासणे, गोड्या पाण्याने क्षार धुणे आणि मग रंगाचे थर देणे, हा क्रम बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो व पुन्हा पहिल्या टोकाशी येतो. हाच गंज बंदिस्त जागेत प्राणघातक ठरतो. नांगराच्या साखळीची कोठी किंवा रिकामी टाकी दीर्घकाळ बंद राहिली की गंजणारे पोलाद तेथील प्राणवायू शोषून घेते. हवेत सुमारे २१ टक्के असणारे त्याचे प्रमाण पुष्कळ खाली येते. पण डोळ्यांस वा नाकास त्याची काहीच सूचना मिळत नाही. आत उतरलेला माणूस कोसळतो, त्यास वाचविण्यासाठी दुसरा धावतो आणि तोही कोसळतो. बंधुभावच येथे घात करतो. म्हणून हवेची परीक्षा केल्यावाचून आत पाऊल न टाकणे आणि श्वसनयंत्राशिवाय मदतीस न जाणे, ही शिस्त अंगी बाणवावी लागते. १ जानेवारी २०१५ पासून याची कवाईत दर दोन महिन्यांनी घेणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक ठरले आहे.

बंदरात बोट धक्क्यास बांधतानाही अशीच दक्षता लागते. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो आणि तुटला की साठलेल्या शक्तीनिशी उलट झेपावतो. त्याच्या मार्गात उभ्या असलेल्या माणसास बाजूस होण्यास वेळ मिळत नाही. कोठे उभे राहू नये, हे जाणणे हे येथे दोर ओढण्याच्या बळाइतकेच महत्त्वाचे कौशल्य होय.

इतक्या जोखमीच्या कामाचा मोबदला मात्र दीर्घकाळ विषम राहिला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश बोटींवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. त्यांचे वेतन युरोपीय खलाशांच्या वेतनाहून कित्येक पटींनी कमी होते. भरती बहुधा सारंग व दलाल यांच्या हाती असल्यामुळे बोट मिळविण्यासाठी खलाशास आधी पैसे मोजावे लागत, आणि त्यासाठी काढलेले कर्ज तो सफरीभर फेडीत असे. ज्याच्या हुकुमाखाली काम करावयाचे, त्याचेच ऋण डोक्यावर, असा हा पेच होता. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. समुद्रावाचून दुसरे दफनस्थान त्यांस लाभले नाही.

नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व जिनोआ येथे १९२० मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने मान्य केले. २००६ च्या सागरी श्रम करारानेही ते पुन्हा घोषित केले. हा करार २०१३ मध्ये अमलात आला व भारताने त्यास २०१५ मध्ये संमती दिली. त्यातील विश्रांतीच्या मोजमापानुसार नाविकास दर २४ तासांत किमान १० तास आणि दर ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. असे असूनही नोकरीच्या आशेने तरुणांनी दलालास पैसे देण्याचे प्रकार अद्यापि घडतात. आणि यंत्रांमुळे माणसांची संख्या घटली, तरी बंदरातील घाई घटली नसल्याने विश्रांतीचे तास कागदावर भरले जाणे व प्रत्यक्ष मिळणे यांत अंतर पडू शकते.

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. खलाशाच्या कामाचा गाभा बाहुबळ हा नसून सावधानता हा आहे. कान हुकुमाकडे, डोळा क्षितिजाकडे आणि पाऊल सुरक्षित जागी, असे त्याचे कर्तव्य आहे. बाहुबळ विकत घेता येते, परंतु सावधानता थकलेल्या व ऋणग्रस्त देहाकडून मागता येत नाही. म्हणून खलाशाचे वेतन, भरती आणि झोप हे प्रश्न केवळ दयाबुद्धीचे नव्हेत. बोटीच्या सुरक्षिततेच्या शास्त्रातच त्यांचा समावेश केला पाहिजे.