मेगावॉट मिळेनात, म्हणून चिप बदलली

लेकीकडे व्हर्जिनियाला गेलो की माझी नजर आधी वर जाते. उभी नोकरी पारेषणच्या मनोऱ्यांखाली गेली, सवय सुटत नाही. अ‍ॅशबर्नमध्ये तर बघण्यासारखं भरपूर आहे. आपल्याकडच्या २२० केव्हीच्या जागी इथे २३० केव्हीच्या वाहिन्या, आणि त्या जाऊन थांबतात बिनखिडक्यांच्या करड्या इमारतींपाशी. शेजारी उपकेंद्र, मागे डिझेल जनरेटरची रांग. लाउडन काउंटीतल्या या पट्ट्याला ‘डेटा सेंटर अ‍ॅली’ म्हणतात. डेटा सेंटरची एवढी दाटी जगात दुसरीकडे कुठे नाही.

जुलै २०२२ मध्ये डोमिनियन एनर्जी या इथल्या वीज कंपनीने कळवून टाकलं, की पूर्व लाउडनमधल्या नव्या डेटा सेंटरना मागितलेला भार इतक्यात देता येणार नाही. वीजनिर्मितीची अडचण नव्हती, ती तिथवर पोचवणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या पडत होत्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांना ‘सध्या भार मंजूर नाही’ हे उत्तर! खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं. आमच्या कार्यालयात कारखानदार यायचे तेव्हा हेच वाक्य आम्ही किती वेळा म्हटलं असेल.

क्लाउडवाल्या, म्हणजे अशा डेटा सेंटरमधली यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपन्या स्वतःची चिप का बनवायला लागल्या, याचं पुस्तकी उत्तर ‘पैसे वाचतात’ असं आहे. ते खोटं नाही. पण वीजवाल्याच्या नजरेने बघा. इमारत एकदा उभी राहिली की तिचा मंजूर भार ठरलेला असतो. त्यात सर्व्हर किती बसतील, ते एकेका सर्व्हरच्या भुकेवर ठरतं. चिपमध्ये गेलेल्या विजेची अखेर उष्णताच होते आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. तेव्हा तेवढ्याच मेगावॉटमध्ये जास्त काम बसवायचं असेल, तर हात घालायला सगळ्यात मोठी जागा चिपच.

यातलं गणित आमच्या शाखेतलंच आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दीडपट केलं तर वीज सव्वादोनपट. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे मार दोन्हीकडून. घरच्या संगणकात हे खपून जातं, कारण समोर एक माणूस ताटकळत असतो आणि त्याचं काम झटक्यात उरकायचं असतं. इंटेलच्या सर्व्हर-चिप याच घराण्यातल्या. क्लाउडमध्ये मात्र हजारो गिऱ्हाइकांची बारीकसारीक कामं अहोरात्र चालू असतात. तिथे एक कोअर (चिपच्या आतला काम करणारा एकेक भाग) सुसाट पळण्यापेक्षा पुष्कळ कोअर एका चालीने चालणं परवडतं.

अशा मिताहारी चिपचं मूळ इंग्लंडमधल्या केंब्रिजला आहे. एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आर्म नावाची चिप आखली. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून ती एक वॉटच्या आत ठेवायची होती. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली, लावली, चालली. फर्बर यांनी प्रवाह मोजायला घेतला तर मीटरवर शून्य. शोध घेतल्यावर कळलं, की बोर्डावरून चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. शेजारच्या तारांतून सिग्नलबरोबर जी थोडी वीज आत झिरपत होती, तिच्यावर ती चालली होती! मीटर शून्य दाखवतोय आणि यंत्र चालू आहे, असं आमच्याकडे झालं असतं तर आम्ही सरळ वीजचोरीचा पंचनामा केला असता.

पुढे हीच आर्म मोबाइलमध्ये घरोघरी गेली. सर्व्हरमध्ये तिला बसवायचा प्रयत्न टेक्सासमधल्या ऑस्टिनला कॅलझेडा या कंपनीने केला. २००८ साली ती स्थापन झाली तेव्हा नाव होतं स्मूद-स्टोन, म्हणजे बायबलमधल्या दाविदाने गोलियाथाला मारलेला गुळगुळीत दगड. गोलियाथ म्हणजे इंटेल, हे सांगायला नको. यांची चार कोअरची चिप पाचेक वॉटमध्ये चालायची. पण ती ३२ बिटांची, त्यामुळे मेमरी तोकडी. आणि आर्मवर चालेल असं सर्व्हरचं सॉफ्टवेअर तेव्हा फारसं तयार नव्हतं. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने कामकाज थांबवलं. नव्या चिपसाठी आपला प्रोग्रॅम बदलायला कुठलंही गिऱ्हाईक आपणहून पुढे येत नाही. ते धकवून नेण्याइतका दम ज्याच्या गाठीशी आहे, त्यालाच हा खेळ जमणार होता.

तो दम अ‍ॅमेझॉनकडे होता. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा लॅब्ज ही इस्रायली कंपनी विकत घेतली. (संस्थापकांना हिमालयातलं ते शिखर चढायचं होतं म्हणून हे नाव. आपल्या देवघरातल्या अन्नपूर्णेचा थेट संबंध नाही.) नोव्हेंबर २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन आली, १६ कोअरची, लोकांनी फार मनावर घेतली नाही. वर्षभराने दुसरी आली, ६४ कोअर आणि ३,००० कोटी ट्रान्झिस्टर, तेव्हा मात्र सगळे सावरून बसले. अडीच गिगाहर्ट्झचा संथ, एकसारखा वेग. इंटेलवर एकच कोअर दोन भाग करून दोघांना भाड्याने देता येतो. इथे एका हिश्श्याला एक अख्खा कोअर. २०२१ च्या तिसऱ्या ग्रॅव्हिटॉनबद्दल कंपनी म्हणते, की तेवढ्याच कामाला ६० टक्क्यांपर्यंत कमी वीज लागते. यातल्या ‘पर्यंत’कडे मी जाहिरात म्हणूनच बघतो. पण दिशा खरी आहे. सगळ्या जगाला विकायची चिप सगळ्यांच्या सोयी सांभाळत बसते. एकाच मालकाच्या चिपमधून नको ते सरळ गाळता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने सांगितलं, की मागच्या दोन वर्षांत बसवलेल्या प्रोसेसर-क्षमतेत निम्म्याहून जास्त वाटा ग्रॅव्हिटॉनचा होता. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये १२८ कोअरची कोबाल्ट आणली, गुगलने २०२४ मध्ये अ‍ॅक्सिऑन. तिन्हींचा पाया आर्मच.

माझी लेक एका लहान कंपनीत हेच सर्व्हर सांभाळते. एका रात्री जेवणं झाल्यावर तिने मला भाड्याच्या यंत्रांची यादी दाखवली. ‘एम-५’ या इंटेलवाल्या यंत्राचं भाडं तासाला ०.१९२ डॉलर, त्याच मापाच्या ‘एम-६-जी’चं ०.१५४. त्यातला ‘जी’ ग्रॅव्हिटॉनचा. दोन्ही यंत्रं उत्तर व्हर्जिनियातलीच, म्हणजे तिच्या स्वयंपाकघरापासून काही मैलांवरची.

“बाबा, आमचा बराचसा कोड जावा आणि पायथॉनमध्ये, तो मुकाट्याने चालला,” ती म्हणाली. “अडलं ते फोटो लहान करणाऱ्या एका लायब्ररीपाशी. इंटेलसाठी बांधलेली, इथे टाकली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. ती आर्मसाठी पुन्हा बांधून घेतली आणि गाडी सुटली.”

“मग तुमचा भार किती उतरला?”

“बिल उतरलं ना. त्या पैशात साहेबांनी आणखी यंत्रं घेतली.”

हेच उत्तर मोठ्या आकड्यांतही दिसतं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे अमेरिकेतल्या डेटा सेंटरनी २०१८ मध्ये, म्हणजे पहिली ग्रॅव्हिटॉन आली त्या वर्षी, सुमारे ७,६०० कोटी युनिट वीज वापरली. २०२३ मध्ये १७,६०० कोटी, म्हणजे देशाच्या एकूण वापराच्या ४.४ टक्के. कोयनेचे १,९६० मेगावॉट वर्षभर क्षणभरही न थांबता चालवले (पाणी पुरणार नाही, पण हिशेबापुरतं धरू), तरी असे दहा प्रकल्प लागतील. एकट्या व्हर्जिनियात २०२३ मध्ये राज्याच्या विजेपैकी पाव हिस्सा डेटा सेंटरनी घेतला.

याचा दोष काटकसरी चिपवर टाकता येणार नाही. त्या नसत्या तर आकडा आणखी फुगला असता. नवी भूक कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. एनव्हिडियाची एच-१०० ही एकच चिप ७०० वॉटपर्यंत वीज घेते, आणि त्यानंतरच्या नव्या चिपांनी भरलेलं एक कपाट १२० किलोवॉटच्या आसपास जातं. आपल्याकडे गावाच्या वेशीवर १०० केव्हीएची डीपी असते, ती या एका कपाटालाही पुरायची नाही. गुगलने हा धोका लवकर हेरला होता. लोक रोज तीन मिनिटं बोलून शोध घ्यायला लागले तर संगणनक्षमता दुप्पट करावी लागेल, असा हिशेब त्यांच्याकडे २०१३ मध्येच मांडला गेला आणि त्यातून टीपीयू ही निव्वळ गुणाकार-बेरजेची चिप जन्माला आली. ती २०१५ पासून कामाला आहे. तरीही गुगलची विजेची मागणी वाढतेच आहे.

मायक्रोसॉफ्टचं तर बघा. एका हाताने कोबाल्टची काटकसर मिरवायची आणि दुसऱ्या हाताने, सप्टेंबर २०२४ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीच्या मालकांशी वीस वर्षांचा वीजखरेदी करार करायचा. १९७९ मध्ये अपघात झाला तो संच वेगळा, हा शेजारचा. परवडत नाही म्हणून २०१९ मध्ये बंद केलेला. त्याचे सुमारे ८३५ मेगावॉट आता पुन्हा सुरू व्हायचे आहेत.