फवारणीचे मोजे बाभळीवर कां टांगले जातात?

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले, व शेंकडों जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या वर्षीं पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. फवाऱ्याचा तुषार तोंडावर येई आणि भिजलीं पानें अंगास घासत.

अशा वेळीं सारें खापर मजुराच्या अज्ञानावर फोडण्यांत येतें. आमच्या मतें तें सर्वस्वीं खरें नाहीं. डब्यावरील तांबडा त्रिकोण जहाल विषाची खूण होय, हें निरक्षरासही ठाऊक असतें. मुलांच्या हातीं लागूं नये म्हणून तो डबा उंच ठेवणाराही तोच असतो. मग मोजे कां घालीत नाहीं?

भाद्रपदांतील दमट उकाड्यांत रबरी मोजे घालून भरलेला पंप पाठीवर वाहून पाहावा, म्हणजे उपदेश किती स्वस्त आहे तें कळेल. मजुरी पंपावर ठरली असेल, तर हात धुण्यांत गेलेला वेळही मजुराच्याच पदरचा जातो. परंतु पुरुषांच्या बाबतींत आम्हांस सर्वांत बलवत्तर वाटतें तें कारण लाजेचें. गेल्या हंगामांत आम्हीं एका तरुण गड्यास मोजे दिले. दुपारीं ते बांधावरच्या बाभळीस टांगलेले दिसले. विचारतां म्हणाला, "सगळे हंसतात. आणि मालक, तुम्ही तर उघड्या हातांनींच औषध कालवतां." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

शिवाय या विषाची फसवणूक निराळीच आहे. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशकें मज्जातंतूंचा आवेग शमविणारें कोलिनेस्टरेज हें द्रव्य निकामी करितात. तें भरून येण्यास कित्येक दिवस लागतात. तोंवर रोजचें थोडें थोडें विष सांचत गेल्यासारखेंच होतें. काल कांहीं झालें नाहीं, म्हणून आपलें अंग औषध पचवितें, असें माणूस समजतो. पंपांतून गळणारें पाणी पाठीवरून जांघेंत उतरतें, आणि तेथील कातडी हाताच्या कातडीहून कितीतरी अधिक विष शोषते. तोंडास बांधलेला रुमाल भिजला, कीं तोच विष धरून ठेवितो. पुढें घाम, लाळ, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली, तरी गडी म्हणतो, ऊन लागलें. त्याच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे कीं काय, तें पाहावें, व क्षणाचाही विलंब न लावतां औषधाच्या डब्यासह त्यास डॉक्टरांकडे न्यावें.

या हंगामापासून आम्हीं पंपाऐवजीं रोजावर मजुरी ठरविली आहे. पाणी व साबण बांधावर ठेवितों, आणि औषध कालवितांना मोजे प्रथम आम्हीच घालतों. त्या गड्याचे मोजे कांहीं दिवस हातांत असतात, कांहीं दिवस अजून बाभळीवर.