बाजाराची घसरण सांगणारा, गुरुत्वाकर्षणावर चिडलेला रॉजर बॅबसन

शेअरच्या टिप्स देणारे आज पैशाला पासरी आहेत. पण सल्ल्याचा हा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांतला माझा लाडका माणूस म्हणजे अमेरिकेचा रॉजर बॅबसन (१८७५–१९६७).

एमआयटीतून इंजिनिअर झाला, नोकरी मात्र रोख्यांच्या व्यवसायात. तिथे क्षयानं गाठलं. मोकळी हवा हवी म्हणून पठ्ठ्या बोस्टनजवळच्या वेलस्लीत ऐन हिवाळ्यातही खिडक्या सताड उघड्या ठेवून काम करायचा! १९०४ मध्ये त्यानं कंपन्यांची आकडेवारी आणि विश्लेषण वर्गणीदारांना विकणारी संस्था काढली. न्यूटनचा हा परमभक्त. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम त्यानं थेट बाजाराला लावला. अवाजवी तेजी आली की तिची परतफेड मंदीनं होणारच, हे त्याचं सूत्र.

५ सप्टेंबर १९२९ ला त्यानं भाषणात सांगितलं, आज ना उद्या बाजार कोसळणार. त्याच दिवशी भाव घसरले. ही घसरण ‘बॅबसन ब्रेक’ म्हणून ओळखली जाते. पुढच्याच महिन्यात महाकोसळ झाली. अर्थात हा इशारा तो आधीपासूनच देत होता, त्यामुळे त्याला अचूक मुहूर्त कळला होता असं मी तरी म्हणणार नाही.

१९१९ मध्ये त्यानं काढलेली शिक्षणसंस्था आज बॅबसन कॉलेज म्हणून उद्योजकतेसाठी नावाजलेली आहे. १९४० मध्ये दारूबंदी पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढवून झाली.

लहानपणी बहीण बुडाली, त्याचा दोष त्यानं गुरुत्वाकर्षणाला दिला. १९४८ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं आणि पुढे निबंधस्पर्धा सुरू केली. १९७१ मध्ये त्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस स्टीफन हॉकिंग यांना मिळालं.