पळसदेवच्या दगडाचा पोत

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात आहे. पाणी ओसरलं की त्याचं दगडी काम उघडं पडतं. तो पोत वेबसाइटच्या पार्श्वभूमीला देखणा दिसेल, पण मोठा फोटो टाकला तर पान जड होतं.

त्या पोताचा छोटा चौकोन पुरतो. ब्राउझर तोच आडवा-उभा मांडत जातो.

खरी कसोटी सांध्यांची. डावी कड उजवीशी, वरची खालचीशी जुळायला हवी. त्यासाठी फोटोशॉप किंवा गिंपमध्ये ‘ऑफसेट’ वापरून चित्र अर्ध्यानं सरकवतात. कडा मधोमध येतात आणि उघडा पडलेला सांधा क्लोन ब्रशनं बुजवता येतो. फोटो शक्यतो ढगाळ उजेडातच काढावा. तिरप्या उन्हात एक बाजू गडद झाली, तर पानभर पट्टे उमटतात. ठसठशीत पांढरा डागही पुसावाच. नाहीतर तो ओळीनं पुन्हा पुन्हा दिसतो आणि मजकूर वाचणं अवघड होतं.