पाठीवर सात किलो

म्यूनिकला लेकीच्या घरी पोचले त्याच रात्री तिने माझी सॅक वजनकाट्यावर ठेवली. साडेअकरा किलो. मग एकेक वस्तू बाहेर यायला लागली. स्लीपिंग बॅग, मॅट, छोटं पातेलं, खिचडीचे डाळ-तांदूळ, भाजणी, मेणबत्त्या. तीस वर्षं सह्याद्रीत भटकताना ही यादी माझ्या अंगवळणी पडली आहे. गडावरचा मुक्काम म्हणजे देवळात नाहीतर लेण्यात पथारी, तीन दगडांची चूल आणि टाक्यातलं पाणी. "आई, यातलं काही लागणार नाही. तिथे वाटेवर घरं आहेत," ती म्हणाली. काटा सातवर आला तेव्हाच थांबली. उरले ते दोन जोड कपडे, एक गरम आणि एक पावसाळी जाकीट, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च, औषधं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या सुती साडीची मी हाताने शिवलेली झोपायची पिशवी.

सात किलोत दहा दिवस, तेही उंच डोंगरात. हे कसं जमतं ते पाहता पाहता मला वाटेइतकंच त्या वाटेवरच्या घरांचं वेड लागलं.

वाटेचं नाव आल्ता व्हिया १, म्हणजे उंचावरची वाट, क्रमांक एक. इटलीच्या ईशान्येला डोलोमाइट पर्वत आहेत. त्यांच्या उत्तरेकडच्या ब्राइएस तळ्यापासून दक्षिणेला बेल्लुनो शहराजवळच्या ला पिस्सा या बसथांब्यापर्यंत ती जाते. अंतर साधारण १२० किलोमीटर, एकूण चढ सहा हजार मीटरच्या वर. १९६०च्या दशकात ही वाट आखली गेली, पण त्यासाठी फारसं नवं काही खणावं लागलं नाही. गुराख्यांच्या पायवाटा आणि युद्धकाळातले खेचरांचे रस्ते एकमेकांना जोडले गेले. खडकावर लाल-पांढरे पट्टे, मधूनच त्रिकोणातला १ चा आकडा. धुकं नसेल तर वाट चुकायची भीती नाही.

ब्राइएस तळं १४९४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम दीडशे मीटर खाली. तिथून पहिल्याच दिवशी नऊशे मीटर चढून २३८८ मीटरवरची खिंड गाठायची. आधी झाडी, मग खुरटी झुडपं, मग नुसता पांढुरका घसारा. आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हा पांढरा डोंगर सुरुवातीला खरा वाटत नाही. सह्याद्री लाव्ह्याचा, तर हे डोंगर समुद्राच्या पोटातले. वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात चुना साठून बनलेले थर आणि बेटं पुढे आल्प्सच्या उत्थानात वर उचलली गेली. देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूगर्भतज्ज्ञाच्या लक्षात आलं की इथला दगड चुनखडीसारखा दिसतो, पण आम्ल टाकल्यावर चुनखडीसारखा फसफसत नाही. १७९१ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. त्याच्याच नावावरून दगडाला आणि नंतर सगळ्या पर्वताला डोलोमाइट हे नाव पडलं. २००९ साली युनेस्कोने या पर्वतांना जागतिक वारसा ठरवलं. चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा दगड भेगाळ आहे. पाऊस पडतो आणि आत मुरून जातो. उंचावरच्या घरांना त्यामुळे पाण्याचा कायम तुटवडा. कित्येक ठिकाणी नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असते आणि प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं.

खिंड ओलांडली आणि खाली दगडी भिंतींचं बिएल्ला हे पहिलं घर दिसलं. इटालियनमध्ये या घराला 'रिफूजो' म्हणतात. शब्दाचा अर्थच आसरा. आत शिरल्याबरोबर बूट काढायचे, फडताळात ठेवायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. मग यजमानीणबाईंनी एक जाड वही पुढे केली. नाव, गाव, कुठून आलात आणि शेवटचा रकाना, उद्या कुठे जाणार? लेकीने समजावलं की हा रकाना हौसेचा नाही. कुणी पोचलं नाही, तर शोध कुठून सुरू करायचा ते या वहीवरून कळतं.

अशी घरं बांधायची कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६२ साली ऑस्ट्रियात, १८६३ साली स्वित्झर्लंड आणि इटलीत गिर्यारोहकांची मंडळं स्थापन झाली. इटलीतलं मंडळ उभं करण्यात पुढाकार होता क्विंतिनो सेल्ला यांचा. देशाचं अर्थखातं सांभाळलेला हा खनिजतज्ज्ञ त्याच उन्हाळ्यात मोन्व्हिझो शिखरावर जाऊन आला होता. स्विस मंडळाने पहिल्याच वर्षी त्योडी शिखराच्या पायथ्याशी ग्रुनहॉर्न इथे निवारा बांधला. गावातून निघून एका दिवसात उंच शिखर गाठून परत येणं शक्य नव्हतं, ही साधी अडचण त्यामागे होती. पुढे मंडळांच्या शहरोशहरीच्या शाखांनी वर्गणी काढून, सभासदांच्या श्रमांतून शेकडो घरं उभी केली. आज काही मंडळांची आहेत, काही खासगी. मंडळांच्या बऱ्याच घरांत हिवाळ्यात मुख्य इमारत बंद असली, तरी एक लहान खोली उघडी ठेवतात, बर्फात अडकलेल्यासाठी. शाखा शेकडो मैलांवरच्या शहरात, आणि खोली कुठल्यातरी अनोळखी माणसासाठी उघडी. मला या व्यवस्थेत सगळ्यांत मोठी वाटते ती ही गोष्ट.

घरं उघडतात साधारण २० जूनच्या सुमारास आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बंद होऊ लागतात. खाटा मात्र काही महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऐनवेळी जागा मिळणं कठीण. रात्रीचं जेवण, झोप आणि न्याहारी मिळून आम्हाला माणशी सत्तर-ऐंशी युरो लागले. स्वस्त नाही, हे आधीच सांगते. पण पीठ, भाज्या, गॅस आणि इंधन तिथवर कसं चढतं ते पाहिलं की घासाघीस करावीशी वाटत नाही. गाडीरस्ता असेल तर ठीक, नाहीतर सामानाचा छोटा रोपवे, आणि तोही नसेल तर हेलिकॉप्टर. माझ्या पाठीवरून उतरलेले साडेचार किलो कुणीतरी वाहतच होतं.

संध्याकाळी सात म्हणजे सात. सगळे एकाच वेळी लांब बाकांवर बसतात आणि शेजारी कोण बसवायचं ते यजमान ठरवतात. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. शिळ्या पावाचे आणि चीजचे उकडलेले गोळे, मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंता, भाज्यांचं सूप. आणि कोर्तिना या गावाच्या बाजूला गेलं की कासुनझिएई. पहिल्यांदा ताटलीत आले तेव्हा मी चमचा खाली ठेवून बघतच राहिले. अर्धचंद्राकृती, कडा दाबून मिटवलेल्या, अगदी आपल्या करंज्या. आत लालभडक बिटाचं सारण, वर वितळलेलं लोणी आणि चिमूटभर खसखस. फक्त तळलेल्या नाहीत, उकडलेल्या.

दहाला दिवे बंद. एका खोलीत आठ, दहा, कधी वीस जण, दुमजली खाटा, घरची घोंगडी. अंगाखाली आणि अंगावर आपली चादर-पिशवी हवीच, हा नियम. माझ्या साडीच्या पिशवीचे काठ बघून शेजारच्या जर्मन आजींनी हात लावून पाहिला आणि टाका कुठला ते विचारलं.

दुसऱ्या दिवशीचं फानेसचं पठार हिरवंगार, सौम्य. इथे लादीन बोलणारे लोक राहतात. ही लॅटिनपासून निघालेली जुनी डोंगरी भाषा आहे, बोलणारे सुमारे तीस हजार. पाटीवर गावाचं नाव तीन भाषांत असतं, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता. इथल्या दंतकथेतलं फानेसचं राज्य मार्मोट या गुबगुबीत बिळकरी प्राण्यांशी मैत्रीचा करार करून होतं. मार्मोटांची शीळ दिवसभर कानावर येत राहते.

लागाझुओइला मात्र थांबायला हवं. २७५२ मीटरवरचं हे या वाटेवरचं सर्वांत उंच घर. गच्चीवर उभं राहिलं की समोर मार्मोलादा, डोलोमाइटमधलं सर्वोच्च ३३४३ मीटरचं शिखर, आणि पायाखाली पोकळ डोंगर. मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि आघाडी याच कड्यांवरून गेली. वर ऑस्ट्रियन, खाली कड्यातल्या अरुंद पट्टीवर इटालियन. तिथून हटवता येईना, म्हणून दोघांनीही डोंगराच्या पोटात बोगदे खणून सुरुंग पेरले. २० जून १९१७ रोजी इटालियनांनी उडवलेल्या सुरुंगाचा दगडांचा लोट आजही खिंडीतून ओळखू येतो. आम्ही हेल्मेट आणि दिवे घेऊन त्या बोगद्यातून उतरलो. ओल्या पायऱ्या, हाताला गार लोखंडी दोर, मध्येच कपारीसारख्या खोल्या, सैनिकांची झोपायची जागा. एका झरोक्यातून बाहेर पाहिलं तर जंगली फुलांनी भरलेला उतार. बंदुकीची नळी बसेल एवढाच तो झरोका होता. शत्रूच्या गोळीइतकाच बर्फही मारत होता; १३ डिसेंबर १९१६ला मार्मोलादावर ऑस्ट्रियन बराकींवर हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक एका पहाटे गेले. आणि ३ जुलै २०२२ला, तापलेल्या उन्हाळ्यात, त्याच मार्मोलादाच्या हिमनदीचा तुकडा निसटला आणि ११ गिर्यारोहक मरण पावले. जेवणाच्या वेळी त्या शिखराकडे बघून सगळे जरा वेळ गप्प होते.

पुढचं नुव्होलाऊ घर २५७५ मीटरवर, कड्याच्या अगदी टोकाशी बांधलेलं. डोलोमाइटमधल्या सर्वांत जुन्या घरांपैकी हे एक, १८८३ सालचं. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताचे एक निवृत्त अधिकारी, रिशार्ड फॉन मेरहाइम्ब, कोर्तिनाच्या हवेत बरे झाले. त्यांनी दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं, म्हणून मूळ नाव 'सॅक्सनीचे आभार'. महायुद्धात ते उद्ध्वस्त झालं, नंतर पुन्हा बांधलं. नवस फेडायला माणसं पायऱ्या बांधतात, दीपमाळ बांधतात. इथे एकाने दुसऱ्यांसाठी रात्रीचा निवारा बांधला.

नुव्होलाऊनंतर जाऊ नावाची खिंड लागते. नाव उच्चारायला मराठी माणसाला सोपं. त्यापलीकडचं मोंदेव्हालचं कुरण मी कधी विसरणार नाही. १९८७ साली तिथे एका मोठ्या शिळेच्या आडोशाला, २१५० मीटर उंचीवर, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचं दफन सापडलं. सोबत त्याची दगडी आणि हाडाची हत्यारं. म्हणजे या उंचीवर, उन्हाळ्यात, आडोसा धरून राहणारा तो आमचा फार जुना पूर्वसूरी. शिळेच्या सावलीत आम्हीही बसलो, पाव आणि चीज खाल्लं.

आणि तिथेच बसणं जास्त झालं. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर वादळ येतं. सकाळी लवकर निघून तीनच्या आत घर गाठायचं, हा पहिला नियम. आम्ही चार वाजता अजून उघड्यावर होतो. ढग एकदम काळे झाले, मग गारा. कड्यावरून आणि लोखंडी दोरांपासून दूर, काठ्या बाजूला ठेवून, सॅकवर उकिडवं बसायचं हे लेकीला माहीत होतं. मला घराच्या भिंतीवर वाचलेला इशारा आठवत राहिला. मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिवा, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर येतं मिनिटाला तीनदा. अर्ध्या तासाने वादळ सरलं, पण घसाऱ्यावर माझा गुडघा मुरगळला आणि पुढची चाल गोगलगायीची झाली.

घराजवळ पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते, अंधारून आलं होतं. वाटेच्या वळणावर एक उंच माणूस टॉर्च घेऊन उभा होता. घराचा यजमान. जेवायच्या वेळी दोन जागा रिकाम्या दिसल्या, तेव्हा त्याने मागच्या घरी फोन केला. तिथे वही उघडून सांगितलं गेलं की आई आणि मुलगी सकाळी आठला निघाल्या आहेत, तुमच्याकडेच यायचं लिहिलंय. त्याने माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. आत सूप झाकून ठेवलं होतं. बूट सुकवायच्या खोलीत सगळ्यांच्या बुटांमधून गरम हवा फिरत होती, लोकरी मोज्यांचा वास भरला होता, आणि तिथल्या बाकावर बसून लेकीने माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली.

एक दिवस सक्तीची विश्रांती घेऊन पुढे निघालो. वाटेत चित्ता दी फ्यूमे नावाचं घर लागलं. फ्यूमे म्हणजे आजचं क्रोएशियातलं रियेका. दुसऱ्या महायुद्धानंतर ते शहर युगोस्लाव्हियात गेलं, तिथले बहुतेक इटालियन भाषक परागंदा झाले. पण त्यांच्या गिर्यारोहण मंडळाची शाखा टिकली, आणि १९६४ साली त्या लोकांनी पेल्मो शिखरासमोर हे घर उघडलं, हरवलेल्या शहराचं नाव देऊन. तिथे कॉफी पिताना मला फाळणीत सिंध सोडून आलेल्या, उल्हासनगरच्या आमच्या एका शेजारणीची आठवण झाली.

चिव्हेत्ताची हजार मीटरहून उंच भिंत दिवसभर डाव्या हाताला होती, संध्याकाळी ती गुलाबी झाली. खाली आल्लेगेचं निळं तळं. जानेवारी १७७१ मध्ये दरड कोसळून नदी अडली आणि ते तयार झालं, गावं पोटात घेऊन. त्यापुढचे दिवस निर्जन होते. गर्दी मागे पडली, घरं लहान झाली, काही ठिकाणी वाट गवतात लपली.

शेवटचं घर बियांकेत, जंगलात. सकाळी निघताना बिलाचे पैसे रोख मोजले, वही आली. 'उद्या कुठे' या रकान्यात लेकीने बेल्लुनो लिहिलं. यजमानीणबाईंनी ते वाचलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बस कितीची आहे, ते खुणेने सांगितलं. माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून त्यांनी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली, अगदी सावकाश.