हनुसंधिशूल : शोथ आणि मज्जासंस्था

कानापुढील सांध्यात वेदना, चर्वणाच्या वेळी कटकट आवाज, मुख पूर्ण न उघडणे, या तक्रारींचे रुग्ण आपणां सर्वांस परिचित आहेत. चरकसंहितेत हनुग्रहाचे वर्णन चिकित्सास्थानाच्या २८ व्या, वातव्याधींच्या अध्यायात आहे. सांध्यात शोथ प्रत्यक्ष दिसत असता वाताचा विचार अग्रक्रमाने का करावा, हे समजून घेण्यास आधुनिक शरीरक्रियाविज्ञान साहाय्यभूत ठरते, असे आम्हांस वाटते.

हनुसंधीची संवेदना मुख्यतः ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या मँडिब्युलर शाखेतून मेंदूकडे जाते. हे तंतू केवळ निरोपे नव्हेत. क्षोभ झाला असता सांध्यातील त्यांची टोके सबस्टन्स पी व सीजीआरपी ही द्रव्ये स्रवतात. परिणामी रक्तवाहिन्या विस्फारतात, द्रव भोवतालच्या ऊतींत झिरपतो, मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. म्हणजे वेदना वाहून नेणारा तंतूच शोथ वाढवितो आणि वाढलेला शोथ तंतूस पुन्हा क्षुब्ध करतो. हे चक्र दीर्घकाळ चालल्यास मेंदूच्या देठातील वेदनाकेंद्रेही अतिसंवेदनशील होतात. मग शोथ ओसरला तरी शूल उरतो. बाह्यकर्णाच्या काही भागाची संवेदनाही याच शाखेकडे असल्याने अनेक रुग्ण कर्णशूलाची तक्रार घेऊन येतात.

वात म्हणजे मज्जासंस्था, असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही. तथापि यातून चिकित्सेची दिशा स्पष्ट होते. शूल अंगावर काढू देऊ नये. उष्णस्पर्श, आरक्तता व तीव्र शोथ असता स्वेदनाची घाई करू नये; तो शमल्यावर अभ्यंग, मृदु स्वेदन व नस्य यांची योजना रुग्णबल पाहून करावी. मऊ आहार द्यावा, सुपारी वर्ज्य करावी. रात्री दात खाणे, अनिद्रा व चिंता यांविषयी आवर्जून विचारावे.

औषधालयचालकांस विशेष विनंती. पन्नाशीपुढील व्यक्तीस चावताना जबडा दुखून शंखप्रदेशी नवीन वेदना अथवा दृष्टिमांद्य असल्यास धमनीशोथाची शंका घ्यावी. विलंबाने दृष्टी कायमची जाऊ शकते. जखमेनंतर जबडा आखडल्यास धनुर्वात, श्रमाने जबडा दुखून धाप लागल्यास हृद्रोग संभवतो. अशा रुग्णांस तेल वा गुग्गुळकल्प देऊन परत न पाठविता तत्काळ रुग्णालयात धाडावे.