उभी बाटली, आडवी बाटली

‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो, अर्थ मात्र विसरलो आहोत. 1949चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. विकणाऱ्याला परवाना हवा, तसा पिणाऱ्यालाही! विकणाऱ्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. म्हणून बँकेत असताना अशा हॉटेलांच्या कर्जप्रकरणात मी इमारतीआधी परवान्याची तारीख बघत असे.

डिसेंबर 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आतल्या दारूविक्रीला बंदी केली. जुलै 2017मध्ये शहरांची हद्द त्यातून वगळली. नगर रस्त्यावरच्या आमच्या वाघोलीत तेव्हा ग्रामपंचायत होती. 2021मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं. रस्ता तोच, ट्रकही तेच, कायद्याच्या लेखी हद्द तेवढी बदलली.

परवाना देताना शाळेपासूनचं, देवळापासूनचं अंतर टेपने मोजतात. दुकानापासून घरापर्यंतचं अंतर कोण मोजणार? तो अधिकार महाराष्ट्रात बायकांकडे आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं, की दुकान बंद. धंदा करणाऱ्याने फायलीतल्या सह्या जरूर गोळा कराव्यात. पण शेजारच्या घरांतल्या बायकांचं मतही आधी विचारावं.